पंख्याचे उजवेपण आणि धक्क्याची बाजू

एकाच पंख्यावर चालणाऱ्या बोटीचा पंखा उजवा असावा की डावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ यंत्रशास्त्राचा वाटतो. वस्तुतः त्यात संज्ञेचाही प्रश्न गुंतलेला आहे. कारण ‘उजवा’ ह्या शब्दाचा अर्थ पाहणारा कोठे उभा आहे ह्यावर अवलंबून असतो. नौकाव्यवहारातील संकेत असा : बोटीच्या मागे उभे राहून पुढे पाहावे, बोट पुढे जात असता पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर तो उजवा.

धक्क्यास लागताना मात्र महत्त्व असते ते उलट गतीला. बोट थांबविण्यासाठी यंत्र उलटे चालविले की उजवा पंखा काट्यांच्या विरुद्ध फिरू लागतो. त्याने पुढे लोटलेले पाणी पिछाडीच्या उजव्या अंगावर आदळते आणि पिछाडी डावीकडे सरकते. सुकाणूचा अंमलही ह्या वेळी क्षीण झालेला असतो. म्हणून अशा बोटीने डावी कूस धक्क्याकडे ठेवून किंचित तिरके यावे. उलट गती देताच पिछाडी धक्क्याशी येते. ज्यास नित्य उजव्या कुशीने लागावयाचे आहे, त्यास डावा पंखा सोयीचा.

परंतु काही बोटींत पात्यांचा कल बदलून गती उलटवितात. पंख्याच्या फिरण्याची दिशा बदलत नाही. तेथे डावा पंखा उलट गतीतही काट्यांच्या विरुद्धच फिरतो व पिछाडी डावीकडेच नेतो. नुसत्या ‘डावा’ ह्या शब्दावर विसंबणारा सुकाणूधारी येथे बोट धक्क्यावर आदळवील.

इंग्रजीतील ‘स्टारबोर्ड’ म्हणजे मुळात सुकाणूची बाजू. पूर्वी वल्ह्यासारखे सुकाणू उजव्या अंगास असे. ते चेपू नये म्हणून डावी कूस धक्क्यास लावीत. ‘पोर्ट’ हे डाव्या बाजूचे नाव त्या रीतीशी जोडले जाते. ‘लारबोर्ड’ हा जुना शब्द ‘स्टारबोर्ड’शी ध्वनिसाम्यामुळे घोटाळा करी, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये ‘पोर्ट’ अधिकृत केला. उजव्या पंख्याच्या बोटीलाही डावीच कूस सोयीची ठरावी, हा मात्र योगायोग होय. दोन्ही रीतींची कारणे भिन्न आहेत.

तात्पर्य, पंखा निवडताना त्याचे नाव नव्हे, तर उलट गतीत पिछाडी कोणीकडे जाते, हे विचारावे.