लहान ट्रॅक्टरची चाके आणि उसाची सरी



गेल्या वर्षी एका सभासदाने निरोप धाडला, "साहेब, खोडव्याला हुमणी लागली, येऊन बघा." जाऊन बेटे उकरली, तर अळी एकही नाही. मात्र ओळीच्या कडेने टायरची नक्षी उमटलेली, माती विटेसारखी घट्ट आणि फुटवे दबून मेलेले. लहान ट्रॅक्टर नवा घेतला होता, पण चाके शोरूममधून आली तशीच रुंद ठेवून चार फुटी सरीत घातली होती. दोष ट्रॅक्टरचा नव्हे, चाकांच्या बसणीचा.

हिशेब सोपा आहे. चार फूट म्हणजे 48 इंच. दोन्ही बाजूंच्या बेटांसाठी सहा-सहा इंच सोडा, उरले 36. टायर आठ इंच रुंद असेल तर एका टायरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 28 इंचांहून जास्त अंतर चालणार नाही. पाच फुटी सरीत हेच अंतर 40 इंचांपर्यंत नेता येते.

हे अंतर बदलते कसे? चाकाची डिस्क सपाट नसते, ताटलीसारखी खोलगट असते. ती हबवर जिथे टेकते ती जागा आणि रिमचा मध्य यांतील अंतराला ऑफसेट म्हणतात. समजा हे अंतर तीन इंच आहे आणि रिम आतल्या अंगाला आहे. डिस्क उलटी बसवली की रिम तीन इंच बाहेर जाते, म्हणजे एक चाक सहा इंच सरकले. दोन्ही मिळून बारा इंच! बऱ्याच ट्रॅक्टरांत रिम आणि डिस्क वेगळी असते, तिथे आणखी मधली अंतरेही मिळतात. आपल्या ट्रॅक्टरला कोणती अंतरे चालतात ते सोबतच्या पुस्तिकेत असते, ते पुस्तक फडताळात टाकू नका.

डिस्क उलटताना डावे चाक उजवीकडे आणि उजवे डावीकडे न्यावे, नाहीतर नक्षी उलटी होऊन चाक चिखलात नुसते फिरते. मागे उभे राहून पाहिल्यास नक्षीचे टोक वर दिसले पाहिजे. पुढची चाकेही मागच्यांच्याच मागावर आणावीत. आतल्या बाजूने टायर मडगार्डला घासत नाही ना, तेही पाहावे.

चाके आत घेतली की ट्रॅक्टर उलटण्याची भीती वाढते, हे मात्र विसरू नका. बांध आडवा ओलांडू नका, उतारावर वळण सावकाश घ्या. उलट, रुंदी वाढवायची म्हणून काहीजण लेथवर जाड चकत्या करून हब आणि डिस्कमध्ये घालतात. माझा याला साफ विरोध आहे. बोल्टला आटे कमी मिळतात आणि बेअरिंगवर जादा ताण येतो.

काम सपाट जागेवर, चाकांना दगड लावून करा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, लाकडी ठोकळे द्या. नट समोरासमोरचे आवळा आणि तासभर काम झाले की पुन्हा एकदा पाना लावा, कारण पहिल्या तासात ते हमखास ढिले होतात.