सागरेश्वरचे बलुतेदार

मार्गशीर्षातल्या एका पहाटे, आष्ट्याच्या बाजारपेठेतली दुकाने उघडायला अद्याप बराच अवकाश असताना, माध्यमिक शाळेतली तीसएक मुले आणि त्यांच्या विज्ञानाच्या बाई यांना घेऊन आमची गाडी कृष्णेच्या दिशेने निघाली. कृष्णा आणि वारणा यांच्या दुआबातला हा मुलूख उसाचा. रस्त्याच्या दुतर्फा उसाचे फड आणि पाटाच्या पाण्याकडेला मान आखडून उभे असलेले गायबगळे, एवढ्यावरच या मुलांचे पक्षिज्ञान संपत असावे, अशी माझी समजूत होती. ती समजूत माध्यान्हीपर्यंतही टिकली नाही.

नदी ओलांडून गेले की सखल बागायत मागे राहते आणि सागरेश्वरच्या डोंगररांगा समोर येतात. पायथ्याशी प्राचीन मंदिरांचा समूह आहे. जवळच यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे. या डोंगरांवर आज जी झाडी दिसते ती सृष्टीने आपण होऊन दिलेली नव्हे. वृक्षतोडीने आणि चराईने उघडे पडलेले हे डोंगर पुन्हा हिरवे व्हावेत म्हणून वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, लोक आणि वनखाते यांचे हात त्यास लागले, आणि १९८५ साली या भूमीस अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र अवघे १०.८७ चौरस किलोमीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या मोठ्या अभयारण्यांच्या मानाने एखाद्या इनामी जमिनीएवढेच. सांबर, चितळ ही जनावरे येथे बाहेरून आणून सोडली गेली. पक्ष्यांना मात्र कोणी आवतण दिले नव्हते. झाडे वाढली, झाडांवर किडे आले, फळे आली, आणि त्यांच्या मागोमाग पक्षी आपल्या मर्जीने वस्तीस आले.

दुर्बिणी तीसजणांत चारच होत्या. त्यांवरील ‘८ × ४०’ या आकड्यांचा अर्थ बाईंनी समजावला: वस्तू आठपट जवळ आल्यासारखी दिसते आणि पुढील भिंगाचा व्यास चाळीस मिलिमीटर असतो, ज्यामुळे पहाटेच्या अंधुक प्रकाशातही चित्र पुरेसे उजळ राहते. लाल स्वेटर घातलेल्या दोघा मुलांना ते काढून ठेवण्याची आज्ञा झाली. थंडीने त्यांचे दात वाजू लागले, तेव्हा ती आज्ञा लगेच मागेही घेतली गेली.

पहिला मान कोतवालाने मिळवला. तारेवर बसलेला, अंगभर काळाकुळकुळीत, शेपटीची दोन टोके दोन दिशांना वळलेली असा हा पक्षी आपल्याहून कैक पटींनी मोठ्या घारीच्या पाठीमागे लागून तिला हद्दपार करताना मुलांनी पाहिला, आणि नावाचा उलगडा करण्याची गरजच उरली नाही. या फौजदारीमुळे इतर लहान पक्षी त्याच्या घरट्याच्या आसऱ्याने आपली घरटी बांधतात, ही गोष्ट निरीक्षकांनी नोंदवलेली आहे. हाच कोतवाल प्रसंगी साळुंकीच्या चोचीतला किडाही हिसकावून घेतो, ही नोंदही तितकीच खरी. अधिकाराबरोबर येणारे दोष पक्ष्यांतही असावेत, याचे कोणास नवल वाटू नये.

पुढे मग गावगाड्यातला एकेक कसबी भेटू लागला. पाने जवळ ओढून ती कोळिष्टकांनी आणि तंतूंनी टाचणारा शिंपी. खोडावर उभ्यानेच चढून चोचीने ठोकणारा सुतार. पकडलेले टोळ आणि सरडे बाभळीच्या काट्यावर टोचून ठेवणारा खाटीक. पायथ्याच्या ओढ्याकाठी शेपूट खालीवर आपटत फिरणारा धोबी, जो हिवाळ्यापुरता उत्तरेकडून इकडे येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत जातो. ज्यांनी ही नावे दिली त्यांच्या हाती दुर्बीण नव्हती. गुरांमागे, मोटेमागे, पेरणीच्या पाभरीमागे फिरता फिरता त्यांनी प्रत्येकाचा उद्योग पाहिला आणि ज्याच्या त्याच्या उद्योगावरून गावातल्याच माणसाचे नाव त्याला लावून दिले. शास्त्रीय ग्रंथातले द्विपद लॅटिन नाव पक्ष्याचे कूळ सांगते. मराठी नाव बहुधा त्याचा धंदा सांगते. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत रानोमाळ हिंडून वनवासी लोकांच्या तोंडची असली नावे आणि माहिती वेचली. त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ चा, पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर १८९६ चा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो.

अर्थात नावे देणाऱ्यांकडूनही अन्याय होतो. वेडा राघू एकाच फांदीवरून पुन्हा पुन्हा झेपावतो आणि गिरकी घेऊन तेथेच परततो, म्हणून तो वेडा ठरला. मुलांनी दुर्बिणीतून पाहिले तेव्हा तो पकडलेली मधमाशी फांदीवर आपटून आणि घासून तिची नांगी निकामी करत होता, व मगच गिळत होता. सातभाईंचीही मोजणी झाली, नऊ निघाले. टोळीतली वडील मंडळी एकमेकांची पिले मिळून पोसतात हे समजल्यावर, त्यांना भाऊ म्हणावे की चुलते, यावर बराच काळ खल चालला.

खरी अडचण तांबटाने केली. वडाच्या झाडात तो दडून बसला होता. हिरवा, कपाळावर आणि गळ्याशी लाल, पण दृष्टीस न पडणारा, आणि त्याचे ‘टुक् टुक् टुक्’ एका लयीत अखंड चालले होते. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा हा नाद, असे मी सांगितले. पुढल्या रांगेतल्या मुलीने विचारले, “पण तांबट म्हणजे कोण, सर?” घरात स्टीलची पातेली आणि प्लास्टिकच्या बादल्या पाहत वाढलेल्या या पिढीला हा आवाज परसातल्या झाडावरून रोज ऐकू येतो, ज्याच्यावरून त्याला नाव पडले तो कारागीर मात्र तिने पाहिलेलाच नाही. तेव्हा मला उलट्या दिशेने समजावून सांगावे लागले: पूर्वी गावोगाव अशी माणसे होती, आणि ती कामाला बसली की आळीतून या पक्ष्यासारखा आवाज येई.

परतताना गाडीत वह्या माझ्याकडे तपासायला आल्या. बहुतेकांनी वीस-बावीस नावांची यादी केली होती, त्यांत काहींनी न पाहिलेला मोरही घुसडला होता. एका मुलाच्या वहीत केवळ सहा नोंदी होत्या, आणि सहावी अशी: “चिमणीएवढा. मातकट, छातीवर रेघोट्या. धोब्यासारखी शेपूट हलवतो, पण पाण्याजवळ नाही, माळावर. उडत नाही, पळतो. नाव माहीत नाही.” तो तीरचिमणीच्या कुळातला असावा, एवढे मी त्यास सांगितले, पण त्या कुळातल्या जाती एकमेकींसारख्या इतक्या दिसतात, की नेमकी कोणती हे मलाही सांगता येईना. त्याने वही परत घेतली आणि माझे उत्तर न लिहिता, नावापुढची जागा तशीच मोकळी ठेवली.