श्रूझबरी की श्रोझबरी?

पुण्याहून श्रूजबेरी बिस्किटं आली की होस्टेलवर पाकीट पाच मिनिटांत फस्त! मागच्या वेळी मात्र मीच घोळ घातला. रूममेट मराठी मीडियमची. ती 'श्रूजबेरी' म्हणाली आणि मी कॉन्व्हेंटवाली, सगळ्यांसमोर तिला सुधारलं, "अगं बेरी नाही, श्रूझबरी!" ती गप्प झाली. मग शोधायला बसले, तर कळलं की ज्या गावाचं हे नाव, तिथेच अजून एकमत नाही!

इंग्लंडमधल्या श्रॉपशर काउंटीतलं हे गाव. तिथे काही जण 'श्रूझबरी' म्हणतात, काही 'श्रोझबरी'. २०१५ साली यावर रीतसर वादविवाद झाला आणि 'श्रो'वाले जिंकले. पण म्हणून 'श्रू'वाले थोडेच बदलणार?

भांडणाचं मूळ स्पेलिंगमधल्या 'ई-डब्ल्यू'मध्ये आहे. 'न्यू' सारखं वाचलं तर श्रू. पण शिवणे या अर्थाच्या शब्दातही हीच अक्षरं आहेत आणि त्याचा उच्चार होतो 'सो'! 'शो' हा शब्दसुद्धा पूर्वी असाच लिहीत. म्हणजे 'श्रो' काही चुकीचं नाही.

असं का होतं? छपाई आल्यावर स्पेलिंग हळूहळू पक्कं झालं, बोलणं मात्र बदलत राहिलं. म्हणून नॉर्फक किनाऱ्यावरच्या एका खेड्याची पाटी वाचून आपण 'हॅपिसबर्ग' म्हणू, गावकरी म्हणतात 'हेझब्रा'. नॉर्फकमधलंच 'विंडम' घ्या. अगदी त्याच स्पेलिंगचं लेस्टरशरमधलं खेडं 'वायमंडम' आहे! नॉटिंगहॅमशरमध्ये तर उलटच. बाहेरचे ऐटीत 'सदल' म्हणतात आणि गावातले बरेच जण सरळ पाटीप्रमाणे 'साउथवेल'.

बीबीसीने उच्चार ठरवायला १९२६ मध्ये समिती नेमली होती. आता त्यांचा साधारण नियम असा, की इंग्लंडमधल्या गावाचं नाव गावातले लोक म्हणतात तसं म्हणायचं. गावातच दोन तट असतील तर? मग कुणा एकालाच 'अशुद्ध' ठरवता येत नाही.

हाच नियम लावला तर पुण्यातल्या बिस्किटाचं नाव काय? दुकानात सगळे 'श्रूजबेरी'च मागतात. म्हणजे रूममेट बरोबर होती! तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "सॉरी राहू दे गं, पाकीट आण!"