पिल्लू लहान आहे तोवरच त्याला जग दाखवा

काही दिवसांपूर्वी बेसा परिसरात दूध घालणारे एक गृहस्थ पोटरीवर कुत्र्याच्या दातांच्या खुणा घेऊन दवाखान्यात आले. चावलेला कुत्रा मोकाट नव्हता, पाळलेला होता. सोबत आलेले मालक ओशाळून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, घरात तो लेकरासारखा राहतो. बाहेरचा माणूस दिसला की त्याला काय होते, कळत नाही."

विचारपूस केल्यावर उलगडा झाला. पिल्लू जेमतेम महिन्याचे असताना आणले होते. बाहेर नेले तर आजार लागेल, या धास्तीने सहा महिने ते गच्चीवरच ठेवले. घरच्या चौघांपलीकडे त्याने माणूस पाहिलाच नाही.

असा कुत्रा दुष्ट नसतो, भेदरलेला असतो. आणि भेदरलेला कुत्रा चावतो.

पिल्लाच्या वयाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. या काळात जे त्याच्या सवयीचे होते, त्याची पुढे सहसा भीती वाटत नाही. अमेरिकेत १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्ले कुंपणाच्या मैदानात माणसांपासून दूर वाढवली होती. चौदा आठवडे माणसाचा सहवास न मिळालेली पिल्ले पुढे माणसाला बिचकू लागली. तेव्हा 'मोठा झाला की शिकेल' हा समज सोडून द्यावा.

मात्र घाई करून महिन्याचे पिल्लूही आणू नये. आई आणि भावंडांबरोबर खेळतानाच दात किती जोरात लावायचे, हे ते शिकते. निदान आठ आठवडे त्याला आईजवळ राहू द्यावे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याहून लहान पिल्लाची विक्री करता येत नाही.

घरी आणल्यावर काय करावे? रोज पाच-दहा मिनिटे त्याला एखादी नवी गोष्ट दाखवावी. कुकरची शिटी, मिक्सर, कूलरची घरघर, कचरागाडीचा भोंगा; सिलिंडरवाला, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकणारे आजोबा, छत्री, शाळेतून येणारी मुले. आपल्याला या गोष्टी रोजच्या, पण पिल्लाला त्या अचंब्याच्या असतात. सुरुवात दुरून करावी आणि सोबत पोळीचा तुकडा किंवा आवडीचा खाऊ द्यावा. शेपटी पायांत गेली, कान मागे पडले, ते ओठ चाटू लागले किंवा मागे सरकले, तर तेथेच थांबावे व अंतर वाढवावे. ओढत जवळ नेऊ नये, रागावू नये. दिवाळीच्या फटाक्यांत किंवा मारबतीच्या गर्दीत एकदम नेणे म्हणजे सवय लावणे नव्हे. त्याने भीती पक्की होते.

लहान मुलांनी खाली बसून पिल्लाला आपणहून जवळ येऊ द्यावे. ते जेवत किंवा झोपलेले असताना हात लावू नये. मोठ्यांनी शेजारी असावे. पिल्लाला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि त्याला जंताचे औषध वेळेवर द्यावे.

आता आजाराची धास्ती. ती खोटी नाही. पार्व्होच्या रक्ताळ जुलाबांनी पिल्ले दगावतात. सहा ते आठ आठवड्यांपासून पहिली लस, मग पशुवैद्यकांनी ठरवून दिलेले पुढचे डोस आणि सुमारे तीन महिन्यांनी रेबीजची लस द्यावी. तोवर पिल्लाला घरात कोंडू नये, कडेवर घेऊन फिरवावे. फाटकाशी उभे राहून रहदारी दाखवावी. जेथे इतर कुत्री घाण करतात तेथे जमिनीवर सोडू नये. लस घेतलेल्या, निरोगी, शांत कुत्र्याशी ओळख करून द्यायला हरकत नाही. लसीसाठी जवळचे पशुवैद्यक आहेतच. शिवाय सेमिनरी हिल्स येथे १९५८ साली सुरू झालेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथेही जनावरांवर उपचार होतात.

एक इशारा. 'पिल्लाच्या दाताने काही होत नाही' हा समज जिवावर बेततो. पिल्लालाही रेबीज होऊ शकतो आणि माणसात या रोगाची लक्षणे दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. कुत्रा वा पिल्लू चावले, दात लागून ओरखडा निघाला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पोटात चौदा इंजेक्शनांचा काळ केव्हाच गेला. आता ती दंडात घेतात आणि संख्येनेही थोडी असतात. मात्र ठरलेल्या तारखांची एकही चुकवू नये. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेत द्यावयाचे वेगळे इंजेक्शनही लागते.

कुत्रा मोठा झाला असेल तर आशा सोडू नये. याच पद्धतीने, पण महिनोन्महिने धीर धरून सवय लावता येते. तोपर्यंत कोणी आले की त्याला आतल्या खोलीत ठेवावे.

त्या दूधवाल्यांनी सर्व इंजेक्शने पूर्ण केली, प्रकृती ठीक आहे. पण फाटक उघडताना त्यांचा हात अजून थबकतो. पिल्लाला चार आठवडे वेळ दिला असता तर ही वेळ कोणावरच आली नसती.