उघडलेली जोडणी बंद करा

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेच्या गुणांचे तक्ते संगणकावर एक्सेलमध्ये करतात, हे तुम्हांला माहीत असेल. तेच काम रोज हाताने करावे लागू नये म्हणून एक्सेलला आज्ञांची यादी लिहून देता येते. या यादीला मॅक्रो म्हणतात. १९९३ सालापासून एक्सेलचे मॅक्रो व्हीबीए या भाषेत लिहिता येतात.

पुष्कळदा हवी ती माहिती दुसऱ्या संगणकावरील डेटाबेसमध्ये असते. डेटाबेस म्हणजे माहितीचे कोठार. तेथून माहिती आणण्यासाठी मॅक्रोला आधी जोडणी उघडावी लागते. ही जोडणी फोनसारखी असते. नंबर लावायचा, आपली ओळख सांगायची, मग बोलायचे. मॅक्रोही नाव व पासवर्ड सांगतो, डेटाबेस ते तपासतो आणि मगच उत्तर देतो. यात थोडा वेळ जातो.

समजा, ६०० मुलांचे गुण आणायचे आहेत. प्रत्येक मुलासाठी वेगळी जोडणी उघडली, तर ६०० वेळा फोन लावल्यासारखे होईल! म्हणून जोडणी एकदाच उघडावी, सर्वांचे गुण एकदम मागावेत आणि ती लगेच बंद करावी.

काही जण जोडणी बंदच करत नाहीत. हा दोष अधिक मोठा आहे. एका वेळी किती जोडण्या चालतील याला मर्यादा असते. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ती मुळात १५१ असते. ती वाढवता येते, पण संगणकाची शक्ती अमर्याद नसते. रिकाम्या जोडण्यांनी सर्व जागा अडवल्या, की नव्याने येणाऱ्याला नकार मिळतो. निकालाच्या दिवशी असे झाले, तर गुणपत्रिकेसाठी खिडकीपाशी उभ्या असलेल्या मुलाला विनाकारण ताटकळावे लागते.

जोडणी बंद करण्याची आज्ञा मॅक्रोच्या शेवटी लिहितात. पण मध्येच चूक होऊन मॅक्रो थांबला तर? ती आज्ञा तशीच राहून जाते. यासाठी 'ऑन एरर' ही आज्ञा आहे. चूक झाली, की ती मॅक्रोला थेट शेवटच्या भागाकडे पाठवते. तेथे जोडणी बंद होते.

मुलांनो, सर्वांच्या वापराची वस्तू काम होताच मोकळी करावी. नळाच्या बाबतीत हे आपण पाळतो. संगणकाच्या बाबतीतही पाळले पाहिजे.

स्वाध्याय
१. मॅक्रो म्हणजे काय?
२. जोडणी उघडी ठेवल्यास इतरांना कोणता त्रास होतो?
३. 'ऑन एरर' या आज्ञेचा उपयोग तुमच्या शब्दांत सांगा.