‘ळ’ची दोन पोटं

सकाळी ८.३०
घाटकोपरहून मेट्रोनं तिसरं स्टेशन साकीनाका. गाळ्याचं शटर उघडलं की आधी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडते. मुंबईची हवा दमट. दाबली की पाणी सुटतं, काचेवर फवारायच्या ग्रिटच्या गाठी होतात, नोझल तुंबतं. मग कालची ग्रिट चाळून घेते.

९.१५
आजचं काम मुलुंडच्या एका दवाखान्याचं काचेचं दार. वर ‘दवाखाना’, खाली बारीक अक्षरांत ‘वेळ’ आणि आकडे. खरबरीत बाजू आत ठेवायची, म्हणजे बाहेरून दार पुसायला सोपं. म्हणून मजकूर कॉम्प्युटरवर उलटा करते. देवनागरीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. प्रत्येक अक्षराची शिरोरेखा शेजारच्या रेघेवर चढलेली असते. सगळा शब्द ‘वेल्ड’ करून एकजीव केला नाही, तर विनाइल कापणाऱ्या प्लॉटरची सुरी प्रत्येक जोडावर चिरा पाडते.

१०.१५
आधी एक छोटा चौकोन कापून बघते. विनाइल कापलं पाहिजे, पण खालच्या कागदाला ओरखडा नको.

११.००
आता निवडणं. जिथे काच धुरकट व्हायला हवी तिथलं विनाइल चिमट्यानं काढायचं. झाकलेली काच पारदर्शक राहते. ‘व’ आणि ‘ख’ उचलताना पोटातला तुकडाही सोबत निघायला बघतो. ‘ळ’ला तर दोन पोटं, साबुदाण्याएवढी. डाव्या हातातल्या सुईच्या टोकानं पोट दाबून धरते आणि भोवतीची पट्टी श्वास रोखून सोडवते.

पत्र्याच्या साच्यात हे पोट गळून पडू नये म्हणून मध्ये पूल ठेवावा लागतो, अक्षर तुटतं. विनाइल काचेला चिकटून बसतं, म्हणून आपलं अक्षर अखंड उमटतं. या कामावर माझा जीव आहे तो यासाठी. एकदा माझ्या हातून ‘ख’चं पोट निसटलं, आणि ते कळलं फवारा मारून झाल्यावर. धुरकट झालेली काच पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. ती बाद झाली.

१.३०
डबा.

२.१५
काच स्पिरिटनं पुसते. ट्रान्सफर टेपवर उचललेला सगळा शब्द मी आणि फवारा मारणारे मामा मिळून बसवतो.
“ताई, उजवा कोपरा उचललाय.”
“मामा, धरा तसंच.”
स्क्वीजी फिरवून टेप हळूहळू सोलते. पोटं मोजते: ‘व’ दोन, ‘ख’ एक, ‘ळ’ची दोन. उरलेली काच कागद आणि टेपनं झाकून टाकतो.

३.३०
मामा हवेची टोपी चढवून केबिनमध्ये जातात. १८७० साली अमेरिकेत बेंजामिन टिल्मन यांनी वाळूच्या फवाऱ्याचं पेटंट घेतलं. नाव आजही सँडब्लास्टिंगच, पण वाळू आम्ही वापरत नाही. सिलिकाच्या धुळीनं सिलिकोसिस होतो आणि त्यानं निकामी झालेलं फुप्फुस पुन्हा बरं होत नाही. आम्ही ॲल्युमिनियम ऑक्साइड मारतो, तेही केबिन बंद करून, धूळ ओढणारा पंखा लावून. विनाइल मऊ, कण त्यावरून उसळून जातो. काच कडक आणि ठिसूळ, तिचे बारीक टवके उडतात.

५.००
काच धुऊन विनाइल सोलते. उद्या दार टफनला जाईल. टफन झालेल्या काचेवर खोल कोरकाम केलं तर ती फुटू शकते, म्हणून अक्षरं आधी. दार उजेडाकडे उभं करते. पांढऱ्या ‘ळ’मधली दोन्ही पोटं स्वच्छ आहेत, एकातून समोरच्या गाळ्याचं निळं शटर दिसतं.