छंद शोधणाऱ्यांचे काही गैरसमज

निवृत्ती जवळ आली, मुलं शिकायला परगावी गेली किंवा नोकरी बदलताना मध्ये दोन मोकळे महिने मिळाले, की एक प्रश्न हमखास उभा राहतो: वेळ तर आहे, पण करू काय? त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो. तुला मनापासून काय आवडतं ते आधी शोध, मग बाकीचं जमेल. हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की त्यात काही चुकत असेल अशी शंकाही कुणाला येत नाही. प्रत्येकाच्या आत एक आवड आधीपासून तयार होऊन बसलेली असते, ती हाती लागली की माणूस आपोआप त्यात रमतो, अशी समजूत त्यामागे आहे. छंदाविषयीचे बाकीचे गैरसमजही याच समजुतीला लगडलेले दिसतात. अंगात उपजत गुण हवेत, सामान हवं, भरपूर वेळ हवा, आणि खरा छंद असेल तर कंटाळा येताच कामा नये. पुराव्याला लावून पाहिलं तर मूळ समजूतच टिकत नाही. आवड ही सुरुवात करण्याची अट नसते. काही काळ एखादी गोष्ट करत राहिल्यावर ती तयार होते, आणि त्या काळातला काही भाग कंटाळवाणाच असतो.

पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ साली नेमका हाच मुद्दा तपासला. आवड ही ठरलेली, आतून उमटणारी गोष्ट आहे असं मानणारे काही विद्यार्थी होते, तर ती हळूहळू घडते असं मानणारे काही. त्यांना कृष्णविवरांवरची एक सोपी, रंजक चित्रफीत दाखवली. ती बहुतेकांना आवडली. मग त्याच विषयावरचा अवघड शास्त्रीय लेख वाचायला दिला. लेख जड गेल्यावर 'आवड ठरलेली असते' असं मानणाऱ्यांचा उत्साह दुसऱ्यांपेक्षा जास्त ओसरला. कारण उघड आहे. आवड आतूनच यायची असेल तर अडचण आली याचा अर्थ एकच निघतो: हे आपलं नव्हेच. मग पेटीचा क्लास दुसऱ्या महिन्यात सुटतो, रंगांची पेटी माळ्यावर जाते आणि शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. अशा माणसाला आपण आरंभशूर म्हणून मोकळे होतो, पण त्याची चिकाटी कमी असते असं नाही. आवड कशी ओळखायची याचं मापच त्याला चुकीचं दिलेलं असतं.

आवड घडते म्हणजे नेमकं काय होतं, ते पक्षीनिरीक्षणात चांगलं दिसतं. नवख्या माणसाला खिडकीतून चिमण्या, कावळे, कबुतरं आणि 'आणखी कुठलासा' पक्षी दिसतो. पहिले काही दिवस हे अगदी नीरस असतं, कारण पाहण्यासारखं काही आहे हेच डोळ्यांना कळत नाही. मग कधीतरी लक्षात येतं, की समोरच्या तारेवरचे दोन बुलबुल एकसारखे नाहीत. एकाच्या डोक्यावर टोकदार तुरा आणि गालावर लाल ठिपका आहे, तो शिपाई बुलबुल. दुसऱ्याचं डोकं काळपट आणि शेपटीखाली लाल, तो लालबुड्या. उन्हाळ्याच्या दुपारी कुठूनसा येणारा 'टुक टुक टुक' असा एकसुरी ठोका तांबट पक्ष्याचा आहे हे एकदा समजलं, की तो आवाज वर्षानुवर्षं येत असूनही आपल्याला ऐकू आला नव्हता याचंच नवल वाटतं. इथून पुढे कुणी आग्रह करावा लागत नाही. आधी ओळख होते, ओळखीतून फरक दिसू लागतात आणि फरक दिसू लागले की गोडी लागते. गोडी लागल्यावरच सुरुवात करीन असं म्हणणाऱ्याची पहिली पायरीच कधी येत नाही. संगीत ऐकणं, झाडं ओळखणं, जुनी नाणी जमवणं, बुद्धिबळ, मोडी लिपी वाचणं, सगळीकडे क्रम हाच आहे. आणि असे हौशी लोक निव्वळ वेळ घालवतात असंही नाही. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२३ च्या अहवालात ९४२ जातींच्या पक्ष्यांची स्थिती मांडली आहे. तिचा पाया म्हणजे ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या ३ कोटी नोंदी. दर फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या जागतिक पक्षीगणनेत तर गच्चीत उभं राहून १५ मिनिटांत केलेली यादीही चालते.

यावर पहिला आक्षेप येतो तो उपजत गुणांचा. गळा नाही, हात वळत नाही, आता या वयात काय जमणार? त्याला जोड मिळते ती दहा हजार तासांच्या नियमाची. या नियमाचा उगम १९९३ चा. अँडर्स एरिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास केला, तेव्हा सर्वोत्तम गटाचा विशीपर्यंतचा सराव सरासरी दहा हजार तासांच्या घरात गेलेला आढळला. माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ च्या 'आउटलायर्स' या पुस्तकाने त्या सरासरीचा नियम करून टाकला, आणि त्याबद्दल खुद्द एरिकसन यांनी पुढे नाराजी व्यक्त केली. मुळात तो अभ्यास मैफली गाजवणाऱ्यांच्या तयारीचा होता. संध्याकाळी घरी बसून चार भजनं पेटीवर वाजवू पाहणाऱ्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही. प्रावीण्य हे व्यावसायिकाचं माप आहे. ते हौशी माणसाने स्वतःला लावून घ्यायचं कारणच काय? आपल्याकडे १९५४ पासून चालत आलेली हौशी नाटकांची राज्य स्पर्धा बँकेत, शाळेत, कारखान्यात दिवस घालवून रात्री तालमीला जमणाऱ्यांनीच तर उभी ठेवली आहे.

दुसरा आकडा २१ दिवसांचा. रोज नेमाने केलं की २१ दिवसांत अंगवळणी पडतं, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० साली 'सायको-सायबरनेटिक्स' या पुस्तकात नोंदवलं होतं, की शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना कमीत कमी २१ दिवस लागतात. त्यातलं 'कमीत कमी' पुढे गळालं आणि चेहराही गळाला. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात साध्यासाध्या सवयी अंगवळणी पडायला सुमारे ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही, हे त्यातलं आणखी एक निरीक्षण. तेव्हा नव्याचे नऊ दिवस संपल्यावर जो रटाळ टप्पा लागतो, तो निवड चुकल्याचा पुरावा मानू नये. मग चिकटून किती राहायचं, असा रास्त प्रश्न येईल. आयुष्यभर नव्हे. दोन-तीन महिने बऱ्यापैकी सातत्याने करूनही पूर्वीपेक्षा जास्त काही दिसत, ऐकू येत किंवा जमत नसेल, तर खुशाल सोडावं. छंद सोडण्यात कमीपणा नाही. पहिल्या अवघड लेखापाशी सोडणं मात्र घाईचं.

छंदाचे फायदे सांगताना बऱ्याचदा वाढवून सांगितलं जातं, त्यामुळे इथे जरा जपून बोलायला हवं. २०२३ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये १६ देशांतल्या ६५ वर्षांवरच्या ९३,२६३ लोकांची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास आला. छंद असलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी आणि समाधान जास्त आढळलं. शंकेखोर वाचक लगेच विचारील, की मुळात ठणठणीत आणि आनंदी माणसंच छंद जोपासत असतील तर? शंका बरोबर आहे. अशा पाहणीतून कारण आणि परिणाम पुरते वेगळे काढता येत नाहीत. म्हणून अमेरिकेत डेनिस पार्क यांनी केलेला २०१४ चा प्रयोग महत्त्वाचा. त्यात ज्येष्ठांचे गट पाडून काहींना तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, डिजिटल छायाचित्रण किंवा गोधड्यांसारखं क्विल्टचं शिवणकाम नव्याने शिकवलं. काही गट नुसत्या गप्पागोष्टी आणि सहलींसाठी जमत होते, तर काहींना घरच्या घरी करता येतील अशी सवयीची सोपी कामं दिली होती. स्मरणशक्तीत सुधारणा दिसली ती नवं आणि डोक्याला ताण देणारं शिकणाऱ्यांत, त्यातही छायाचित्रण शिकणाऱ्यांत अधिक. यावरून स्मृतिभ्रंश टळतो असं कुणी म्हणू नये. पण ज्या अवघडपणाला घाबरून लोक छंद सोडतात, बराचसा लाभ त्याच अवघडपणात असावा, एवढं तरी यातून दिसतं.

अलीकडे बळावलेला गैरसमज म्हणजे छंदाने चार पैसे मिळवून द्यावेत. केक छान करतेस, मग ऑर्डरी का घेत नाहीस? गरज असेल तर जरूर घ्याव्यात, त्यात गैर काही नाही. मात्र त्याने आवड वाढेलच हे गृहीत धरू नये. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा १९७३ चा बालवाडीतला प्रयोग याबाबत बोलका आहे. चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिलं आणि काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहिलं तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांवर असा परिणाम नव्हता. म्हणजे दोष बक्षिसात नव्हता, 'त्यासाठी करतो आहे' या जाणिवेत होता. आपल्याकडे इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेचे वाढीव गुण दहावीला मिळतात. मूल चित्रं काढतंय ते गुणांसाठी की चित्रांसाठी, हे परीक्षा संपल्यावर कळतं. तेव्हाही कागद हातात असेल तर पालकांनी निश्चिंत राहावं.

सामानाबद्दल फार लिहायला नको. हौसेला मोल नसतं हे खरं, म्हणूनच दुकानदार आपल्या हौसेवर लक्ष ठेवून असतो. महागडा कॅमेरा किंवा दुर्बीण घेणं हा छंदाच्या सुरुवातीचा भास देणारा सोपा मार्ग आहे. आकाशदर्शनाची ओढ असेल तर पुण्यात १९४४ पासून काम करणाऱ्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्था आहेत, गावोगावी वाचनालयं आहेत, भजनी मंडळं आहेत. मोठे संग्रहही संग्रहालय काढायचं म्हणून सुरू होत नाहीत. दिनकर केळकर यांचा घरचा व्यवसाय चष्म्यांचा होता, आणि ते 'अज्ञातवासी' या नावाने कविता करत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली: अडकित्ते, दिवे, दौती, वाद्यं, दारांच्या चौकटी. घराघरांतून अडगळीत निघालेल्या या वस्तूंचा संग्रह २० हजारांच्या पुढे गेला आणि १९७५ साली त्यांनी तो राज्य सरकारच्या स्वाधीन केला. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय ते हेच.

राहिला वेळ. भरपूर मोकळा वेळ मिळाला की छंद आपोआप जडतो, हेही तपासून पाहण्यासारखं आहे. मारिसा शरीफ आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली हजारो अमेरिकी लोकांच्या माहितीवरून दाखवलं, की मोकळा वेळ सुमारे दोन तासांपर्यंत वाढतो तसं समाधान वाढतं, मग ते स्थिरावतं आणि पाच तासांच्या पुढे घसरू लागतं. त्यांच्या पुढच्या प्रयोगांत असं दिसलं, की तो वेळ काही अर्थपूर्ण करण्यात जात असेल तर ही घसरण होत नाही. तेव्हा निवृत्तीनंतर बघू असं म्हणणाऱ्याने आजचा एखादा तास कमी लेखू नये. भारताच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार सहा वर्षांवरील भारतीयांच्या दिवसाचा ११ टक्के भाग, म्हणजे अडीच तासांहून थोडा जास्त वेळ, करमणूक, माध्यमं, खेळ आणि संस्कृती यांत जातो. २०१९ मध्ये तो ९.९ टक्के होता. सरासरीने पाहिलं तर वेळ आहे, फक्त बराचसा पडद्यासमोर आहे.

पण 'सरासरी' हा शब्द इथे बरंच काही झाकतो, आणि छंदावरच्या सगळ्या उपदेशाला खरा अडसर तिथेच आहे. त्याच मालिकेतल्या २०१९ च्या पाहणीत दिवसभरात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के होत्या आणि पुरुष २६.१ टक्के. हे काम करणाऱ्या स्त्रीची त्यात रोज २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. तिचा मोकळा वेळ जो असतो तोही कुकरची शिट्टी, दाराची बेल आणि मुलांच्या हाका यांनी तुकड्यातुकड्यांत कापलेला. अवघड लेखाच्या पलीकडे जायला सलग तास लागतो, आणि असा तास कुणीतरी मोकळा करून द्यावा लागतो. 'आमच्या हिला कसला म्हणून छंद नाही' असं चारचौघांत म्हणण्याआधी त्या २९९ मिनिटांतली किती आपण उचलतो, ते एकदा घड्याळ लावून मोजावं.